हनुवटीची बोली
मला डॉक्टरने फसवलं. बाजारात ज्याचा दवाखाना आहे आणि जो मला आजी म्हणतो, त्यानेच.

आचऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो. नवरा गेल्यावर माझा धंदा मी तिथेच उभा केला. तोंडाने मी कधी बोली लावली नाही. हनुवटी जराशी उचलली की लिलाववाला समजायचा, वाढवली. शेजारच्या बायकांना पत्ता लागत नसे. मग पाठ वरून वाकत गेली, मान तिच्याबरोबर. एका सकाळी सुरमई माझ्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेली. मी लिलाववाल्यावर तोंड सोडलं. तो थंडपणे म्हणाला, "मावशे, तुजी हनुवटी खाली की वर, माका कळणा नाय. आता सुनेक धाड गो." बायका हसल्या.

म्हणून डॉक्टर गाठला. त्याने पाठीला हातही लावला नाही. वय झालं, आराम करा, हा पट्टा दिवसभर बांधा. पट्टा त्याच्याच कपाटातून निघाला. मी भाव पाडला आणि खूश होऊन घरी आले. मासा ताजा आहे का, ते मी कल्ला उघडून बघते. पट्ट्याला कल्ला नसतो. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या तो सबंध पावसाळा पट्टा बांधला. सोडला की पाठ आधीपेक्षा लुळी.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने आधी हाडांना कुठे चीर नाही ना, ते तपासून घेतलं. मग पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं आणि म्हणाली, छाती उचला. चटईवरून नाक तेवढं हललं. ती म्हणाली, "पट्टा पाठीचं काम करत होता. पाठ काम विसरली."

तेव्हापासून रोज पालथी होते. रोज भिंतीला पाठ लावून डोकं मागे दाबते. डोकं आणि भिंतीच्या मध्ये टॉवेलची घडी लागते, पण ती पातळ होत चालली आहे. परवा बांगड्यांच्या लिलावात हनुवटी उचलली. लिलाववाला माझ्याकडे बघून म्हणाला, "बांगडे मावशेचे." या वेळी कोणी हसलं नाही.

पाठ पूर्ण सरळ होणार नाही, हे त्या बाईने मला तोंडावर सांगितलं. पण एवढी तरी तेव्हाच झाली असती. डॉक्टर, पाठ राबवता येते हे मला का सांगितलं नाहीत? सोमवारी तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणार आहे, पट्टा घेऊन. बसलेल्या सगळ्यांसमोर उत्तर द्या.