मिठाच्या डब्याशेजारची बाटली

आमच्या भिवंडीत लूमवाल्यांच्या खानावळीला भिशी म्हणतात. माझ्या भिशीतला रस्सा असा की त्याच्यापुढं अकलोलीच्या कुंडातलं गरम पाणी म्हणजे सरबत. माझा आवाजही त्याच जातीचा. मी "ताटं घ्या" म्हणाले की गल्लीतले लूम आपोआप थांबतात. मालकांना वाटतं, लाइट गेली.

जेवणाऱ्यांत लातूरकडचा एक बाविशीतला कारागीर होता. एका दुपारी ताट अर्धं टाकून उठला. माझ्या भिशीत हा गुन्हाच! हात धरून चुलीमागं नेलं, तर म्हणाला, "मावशी, गोळी सोडतोय."

कसली गोळी? तर एचआयव्ही होऊ नये म्हणून निरोगी माणसानं रोज घ्यायची. त्याचा एक दोस्त होता, दोस्तीच्याही पुढचा. मी काय ते समजले, जास्त खोदलं नाही. गोळीनं त्याची धास्ती गेली होती. पण राहायचा दहा जणांच्या खोलीत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर. आमच्याकडची गादी शिवल्यापासून थंड झालेली नाही! तेल सगळ्यांचं, कंगवा सगळ्यांचा, डोकं दुखलं की कुणीही कुणाचीही पेटी उघडणार. गोळ्यांची बाटली आज ना उद्या सापडणार, आणि मग खोली गेलीच.

"बाटली इथं ठेव, मिठाच्या डब्याशेजारी. जेवलास की गोळी. माझं जेवण चुकवणारा अजून जन्मायचाय."

शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा तो गोळी आणायचा त्या सरकारी केंद्रावरही त्याच्याबरोबर गेले. तिथल्या बाईंनी मलाही नीट समजावलं: आधी रक्ततपासणी, मगच गोळी, पुढं ठरल्या वेळी पुन्हा तपासणी, आणि निरोध सोडायचा नाही. मला त्या त्याची आई समजल्या. मी कशाला नाही म्हणू?

थोडे दिवस बरे गेले. मग त्याच्याच खोलीतल्या जॉबरनं, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्यानं, गोळी पाहिली आणि भरल्या पंगतीत ओरडला, "मौसी, ये तो उस बीमारीवाली गोली है! और ये हमारे बिस्तर पे सोता है!"

सगळे घास हवेत. मी तोंड उघडणार, तोच लातूरकडचा बोलला, "बीमारी नहीं है. न हो, इसलिए खाता हूँ."

"ऐसा क्या करता है तू, जो लगती है?"

आता मात्र त्याची मान खाली गेली. मी पळी उगारली.

"क्यों रे, कोई हेल्मेट डाले तो पूछता है क्या, किधर ठोकने चला? और बीमारी होती तो भी थाली से नहीं लगती, गादी से नहीं लगती. याला खोलीतून काढलंस, तर उद्यापासून पार तिकडं पडघ्याला जाऊन जेव!"

पंगत अशी हसली की वरचे पत्रे उडाले. बरं, उडाले नसतील, पण एक नक्कीच हलला. जॉबरनं सगळ्यांकडं पाहिलं, कुणीच त्याच्या बाजूचं दिसेना. ताट पुढं सरकवलं. "रस्सा डालो, मौसी."

खोली वाचली. गोळीही चालू राहिली.

त्यानंतर हात धुताना एकेक जण हळूच विचारू लागला. प्रत्येकाला एक दोस्त होता, आणि त्या दोस्ताला ती गोळी हवी होती. मी म्हणायचे, "दोस्तालाच पाठव बाबा. त्याचं रक्त तू कसं देणार?"

शुक्रवारी केंद्राच्या वाटेवर ते दोस्त आलेच. सगळे माझेच जेवणारे, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. कुणी पानटपरीवर रेंगाळतोय, कुणी मोबाइलमध्ये तोंड खुपसून चालतोय. आणि लातूरकडचा सगळ्यांच्या पुढं, भर रस्त्यात हात हलवत: "अरे, उधर कहाँ? दवाखाना इधर है!"