मध्येच उघडलेलं शास्त्र

मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत नव्हतो, नुसतं उघडत होतो. ही माझी चूक, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर बेतली.

बोईसरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आमच्या खोलीवर चार-पाच कुटुंबं प्रार्थनेला जमत. चर्चचे पाळक क्वचितच येत. एरवी सभा मीच चालवी. कोणी अडचण सांगितली की मी डोळे मिटून प्रार्थना करी, हाताला येईल तिथे शास्त्र उघडी आणि पानावर बोट टेकवी. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. माझे वडीलही असंच करीत. लोकांना ते आवडे, आणि मलाही, कारण त्यात अभ्यासाचे कष्ट नव्हते.

किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या पारूमावशी बोईसरला मासे विकायला येत आणि सभेला थांबत. त्यांना क्षय झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी खोकला बसला, पण पोटात आग पडे, अन्न जाईना. एका रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, आता बरी हाय मी. गोल्या घेव का नको, देवाला इचारा."

मी बोट टेकवलं. जुन्या करारातल्या आसा राजाची ओळ आली: आजार बळावला तरी तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला. मी ती मोठ्याने वाचली आणि उत्तर स्पष्ट आहे म्हणालो. मावशींची मुलगी लता दारातच उभी होती. "तुमचा देव डॉक्टरवर रुसलाय काय, भाऊ?" तिने विचारलं. सगळे हसले, मीही हसलो. मावशींनी गोळ्या सोडल्या.

काही महिन्यांनी त्यांच्या तोंडातून रक्त पडलं. लताने मला कारखान्याच्या फाटकावर गाठलं. टेम्पो करून आम्ही त्यांना पालघरच्या दवाखान्यात नेलं. औषध का सोडलंत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा धाप लागलेल्या मावशी एवढंच म्हणाल्या, "देवाची मर्जी." लताने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. आत्ता काही सांगता येणार नाही, असं म्हणून डॉक्टर आत गेले.

बाहेर बाकावर बसून मी पुन्हा डोळे मिटले, बोट टेकवलं. कुणाच्या तरी वंशातली नावं निघाली. पुन्हा टेकवलं, तर मंदिराची मापं. शेवटी मी आसा राजाचं पान शोधलं आणि तीच ओळ पुटपुटू लागलो. शेजारी डोंगराकडचा एक म्हातारा बसला होता. त्याची बायको आत होती. काय वाचता, त्याने विचारलं. राजाची गोष्ट, मी म्हणालो.

"मंग मधूनच काय वाचता? पयल्यापासून सांगा. आमी बी बसलोच हाय."

मी दोन अध्याय मागे गेलो. म्हातारा "मंग?" म्हणे आणि मी पुढे वाची. तरुण आसाने देवावर भिस्त ठेवून केवढं सैन्य हरवलं. मग म्हातारपणी देवाला विसरून परक्या राजाची मदत विकत घेतली. द्रष्ट्याने चूक दाखवली, तर त्यालाच तुरुंगात टाकलं. माझी ओळ या सगळ्याच्या शेवटी होती. देवाने वैद्य नाकारला नव्हता. राजाने देवाला नाकारलं होतं. मान वर केली तेव्हा म्हाताऱ्याला वॉर्डात बोलावलं होतं. तो पुन्हा दिसला नाही. त्याला तिथे कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही.

मावशी वाचल्या. त्या हळूहळू सावरत होत्या, त्या दिवसांत मी रोज पाळीवरून आल्यावर शास्त्र क्रमाने वाचू लागलो. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाच्या गळवावर संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला, हेही त्याच शास्त्रात होतं. माझ्या घरात ते वर्षानुवर्षं पडून होतं. देवाला शरण जायचं तर त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यावं लागतं, एवढं मला उशिरा कळलं. ऐकण्याची संधी त्याने पुन्हा दिली, याबद्दल मी त्याचे आभार मानतो.

पण मावशी अजून देवाचीच मर्जी म्हणत होत्या, आणि त्या आडोशाला मी सुरक्षित होतो. ते मला सोसवेना. एका दुपारी मी दांडीला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या, लता शेजारी जाळं विणत होती. मी दोघींसमोर हात जोडले.

"मावशी, गोळ्या सोडा असं देवाने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. न वाचता सांगितलं. मला क्षमा करा."