चंद्रहास पेंटरचं ग्रहण

फुलपाड्यात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या चंद्रहास म्हात्रेला ग्रहणाची भीती वाटायची, पण राहू-केतूची नव्हे. १९८०च्या ग्रहणात, तो दहा वर्षांचा असताना, त्याचे वडील जूचंद्र गावात मिठागरावरून घरी परतताना गल्लीतच छातीला हात लावून कोसळले. भर दुपारी बाहेर चिटपाखरू नव्हतं. चंद्रहास दारं ठोठावत सुटला. आतून कुजबूज ऐकू येत होती, कडी मात्र कुणी काढली नाही. ग्रहण सुटल्यावर माणसं धावली, तोवर वडील गार पडले होते.

१९९९च्या ऑगस्टमध्ये आचोळ्याच्या एका शाळेने त्याला व्हरांड्याच्या भिंतीवर चित्रं काढायला बोलावलं. विषय होता: दुसऱ्या ग्रहांवरून सूर्यग्रहण कसं दिसेल. विज्ञान शिकवणाऱ्या उन्नती बाईंनी समजावलं, की मंगळाचा मोठा चंद्रसुद्धा बटाट्यासारखा वेडावाकडा आणि लहान. तो सूर्य पुरता झाकूच शकत नाही, अर्ध्या मिनिटात त्याच्यावरून सरकून जातो. गुरूवरून मात्र सूर्य टिकलीएवढा दिसतो, तिथले मोठे चंद्र तो अख्खा गिळतात.

ब्रश थांबवून त्याने विचारलं, "बाई, तिथं मानसं नाय ना?"

"कुणीच नाही."

"मंग बरं हाय. दार लावून घेनारा कोन नाय."

अकरा तारखेला संध्याकाळी ग्रहण लागलं. ढगांमुळे दिसत काहीच नव्हतं, नुसता उजेड विटल्यासारखा झाला. गल्लीतली दारं पटापट लागली. चंद्रहास दरवेळेसारखा दुकान उघडं ठेवून पायरीवर बसला. एवढ्यात सायकलवरून पाव विकणारे आल्बर्ट घसरून पडले, ते उठेचनात. चंद्रहासचे पाय जागीच खिळले. कानात ती जुनी कुजबूज सुरू झाली. आल्बर्टनी हात वर केला, तेव्हा कुठे तो धावला. एकट्याला उचलवेना, म्हणून समोरचं दार बडवू लागला. किती वेळ बडवलं, त्याला कळलं नाही.

शेवटी मथुराकाकूंनी दार किलकिलं केलं आणि देवाचं नाव घेत, डोक्यावर पदर ओढून त्या बाहेर आल्या. त्याही भ्यायल्या होत्या. दोघांनी आल्बर्टना पायरीवर आणून बसवलं. पाय मुरगळला होता, एवढंच. काकूंनी पाण्याचा तांब्या आणला, ग्रहणात पाणी पिऊ नये हे आठवून मध्येच मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला.

चंद्रहासला दरदरून घाम फुटला होता. आल्बर्टच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रस्त्यावर सांडलेले पाव वेचायला मात्र ग्रहण सुटेपर्यंत कुणी गेलं नाही.