पहिल्या हाकेला ओ

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीहून अकोल्याला आईकडे जाते ती आराम करायला, असं माझ्या शाळेतल्या बायांना वाटतं. मागच्या मे महिन्यात मी लॅपटॉप घेऊन गेले होते. चाळिशी उलटल्यावर मला समाजकार्य शिकायची हुक्की आली, तेही ऑनलाइन, आणि त्यातही विषय घेतला मानसिक आरोग्य आणि आघात. शाळेतल्या मुली माझ्याजवळ येऊन रडायच्या आणि मला 'होईल गं सगळं नीट' यापलीकडे काही सुचायचं नाही, त्याची मला चीड यायची. भावाला मात्र सगळी गंमतच. "घरबसल्या समाजसेवा," तो म्हणायचा. "लोकाले सांगे ब्रह्मज्ञान!"

वर्ग भरायचा शनिवार-रविवारी, भर दुपारी. अकोल्यातली मे महिन्याची दुपार काय असते हे वेळापत्रक करणाऱ्याच्या गावी नसावं. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि फाटकाला हात लावला तर चटका बसतो. आमच्या लहानपणी ही वेळ रात्रीहून वाईट समजत. आईचा नियमच होता, दुपारी बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की घेऊन जातं. गल्लीतल्या सगळ्या घरांत हेच चालायचं. आमचा पोस्टमनसुद्धा बिचारा तीनतीनदा ओरडायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून आई त्या घरात एकटी असते आणि भाऊ पलीकडच्या वस्तीत.

वर्गात आमच्या जोड्या लावून ऐकण्याचा सराव घेत. एकीनं बोलायचं, दुसरीनं मध्ये तोंड न घालता ऐकायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच. माझी जोडीदारीण धामणगाव रेल्वे या गावची एक नर्स होती. त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. मी कानाला हेडफोन लावून शाळेतल्या कुठल्याशा मुलीविषयी बोलत होते, तर तिनं हात वर केला.

"ताई, थांबा जरा. तुमच्या दारावर कोणी हाक मारून राहिलं."

मी हेडफोन काढले. कूलरची घरघर, दुसरं काही नाही. वळून पाहिलं तर आई अंगणातून आत येत होती. एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात गुळाची वाटी.

"कोण होतं?"

"कोणी नाई."

"मग पाणी कोणाला नेलंस?"

"तू तुह्या शाळेत पाय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी नर्स जरा दबकत म्हणाली, "बाईचा आवाज हाय, ताई. वहिनी म्हणते."

आईला 'वहिनी' म्हणणारं आता कोणी उरलेलं नव्हतं. बाबांना एकच बहीण होती, माझी आत्या, आणि ती मी पहिली-दुसरीत असतानाच गेली. गल्लीतलं कोणी कोणाला हाक मारत असेल, माइकनं ते पकडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मला स्वतःलाही पटली नाही.

त्याच आठवड्यात, मी आत झोपले असताना, आई फाटकाशी भोवळ येऊन पडली. शेजारच्या चाचींनी तिला सावलीत ओढलं आणि तळपायांना कांदा चोळला. त्या मला म्हणाल्या, "बेटा, तुमारी अम्मी रोज दोपहर को धूप में खड़ी रैती. 'आली, आली' बोलती, और सामने कोई नहीं." डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पुन्हा असं ऊन लागलं तर या वयात निभावणार नाही. वय आणि एकटेपण असं काहीसं म्हणून त्यांनी गोळ्याही लिहून दिल्या.

संध्याकाळी भाऊ कुलूप घेऊन आला. दुपारी आम्हा दोघींना आत ठेवून बाहेरून लावायचं, किल्ली चाचींकडे ठेवायची, असा त्याचा बेत. माझ्यासमोर कधी न रडलेली आई त्याच्या हाताला लोंबकळली.

"कुलूप नको लावू रे. ते बाहेरच राईल."

"कोण बाहेर राहील?" भाऊ ओरडला. मी त्याला गप्प केलं आणि आईशेजारी बसले. सल्ला द्यायला माझी जीभ वळवळत होती, पण तोंड मिटून ठेवलं. मग आई बोलली.

"तुही आत्या. परतवाड्याहून आली होती, सासरी भांडून, कोणाले न सांगता. भर दुपारी हाक आली, वहिनी. एकच. मी तुले पोटाशी धरून बसली. म्हटलं, माणूस असन तं दुसरी मारन. दुसरी आलीच नाई."

मला आठवलं. तोंडावर घट्ट दाबलेला हात, गालात रुतणारी काचेची बांगडी, आणि आईचा श्वास. इतकी वर्षं मला तो एखादा खेळ वाटत आला होता. आत्या बसस्टँडवरच ऊन लागून गेली, असं आम्हा मुलांना सांगितलं होतं. खरं म्हणजे, आईनं आता सांगितलं, ती आमच्या फाटकाच्या भिंतीला टेकून बसली होती. बाबा संध्याकाळी कामावरून आले तेव्हा त्यांना ती दिसली.

"दुसऱ्या हाकेचं बळच नव्हतं तिच्यात," आई म्हणाली. "अन् एक हाक आली होती, हे मी तुह्या बापाले मरेपर्यंत सांगितलं नाई. तो गेला अन् मग तिची हाक पुन्हा येऊ लागली."

आघाताचे प्रकार मला तोंडपाठ होते. त्या क्षणी त्यांतला एकही कामाचा वाटला नाही. आईची फार दया आली. मी म्हटलं, "आई, तू फक्त कूलरसमोर बसायचं. हाक आली की मला सांगायचं. ओ मी देईन. गूळ-पाणी मी नेईन."

आईनं विचारलं, "पहिल्याच हाकेले?"

"पहिल्याच."

भावानं आम्हा दोघींकडे असं पाहिलं, जणू आता मलाही गोळ्या लागणार. पण कुलूप त्यानं पिशवीत टाकलं.

मग दुपारी आई बसल्या जागेवरून म्हणायची, "आली वं." मी उठायचे, तापल्या अंगणात जायचे, 'आले' म्हणायचे, फाटकाबाहेर भिंतीच्या कडेला पाणी ओतायचे आणि आत यायचे. आई विचारायची, "पेली?" मी हो म्हणायचे. हळूहळू तिचं सांगणं कमी झालं. ती दुपारची झोपू लागली, कित्येक वर्षांनी. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

सुट्टीतला शेवटचा रविवार. आई कूलरसमोर गाढ झोपली होती. समोर नर्स बोलत होती आणि मी ऐकत होते. बोलता बोलता ती थांबली. ती नुसतीच माझ्याकडे पाहत होती, आणि ती काय सांगणार हे मला कळलं.

मी हेडफोन काढले. आई झोपेतच होती. गल्लीत पानसुद्धा हलत नव्हतं. आता आईनं काही सांगितलेलं नव्हतं आणि मी स्वतः काही ऐकलेलं नव्हतं. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही, आणि तोंडावर तो हात पुन्हा जाणवला. खरं सांगते, मी फार भ्याले होते.

मी माठातलं पाणी घेतलं, गुळाचा खडा घेतला आणि दुसऱ्या हाकेची वाट न पाहता दार उघडलं.

"आले, आत्या," मी म्हणाले.