सगळ्यात जुनी किल्ली

गॅरेज आवरताना ती लाल टोपी हाती लागली आणि जळक्या रबराचा वास पुन्हा नाकात भरला.

तेव्हा मी डब्लिनला नवीन होतो. पास होऊन परत निघालेल्या एका मराठी स्टुडंटकडून घेतलेली अठरा वर्षांची खटारा गाडी ऑफिसपासून लांब पार्क करायचो. नागपूरहून आलेल्या वडिलांना, अण्णांना, स्टॉक कार रेस, म्हणजे रोजच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची शर्यत, दाखवायला नेलं, तेव्हाही पार्किंगचा कोपराच शोधला.

आत आमच्या गाडीच्या कंपनीचा तंबू होता. किल्ली दाखवायची आणि टोपी घ्यायची.

"अण्णा, चला. हे नव्या गाडीवाल्यांसाठी असतं."

तीस वर्षं एकच स्कूटर चालवलेले अण्णा थांबले. "गाडी आपलीच आहे ना? मग लाजतोस कशाला?" माझ्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी काउंटरवर ठेवली.

तिथल्या बाईंनी गाडीचं वर्ष विचारलं आणि माइकवर ओरडूनच सांगितलं, आजची सगळ्यात जुनी गाडी सापडली! रेसआधी मालकांच्या गाड्या ट्रॅकवर एक चक्कर मारणार होत्या. सगळ्यांत पुढे आमची.

बंपर टेपनं चिकटवलेला, इंजिन खोकतंय, आणि त्या कंपनीच्या टोप्या घातलेलं अख्खं स्टँड उभं राहून शिट्ट्या मारतंय. लग्नातसुद्धा न नाचणारे अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन टोपी फिरवत होते.

त्यानंतरच्या माझ्या तिन्ही गाड्या त्याच कंपनीच्या. मुलगी हसते, "डॅड, यू गॉट सोल्ड फॉर अ कॅप!"

असेल. पण रेसनंतरच्या सोमवारी मी ती खटारा ऑफिसच्या अगदी दारासमोर लावली.