आडवाले

"संडास कुठं आहे?"

कुणाच्याही घरी गेले की त्यांचा पहिला प्रश्न हाच. चपलासुद्धा पायात असायच्या. घरातली माणसं गडबडीनं परसदार दाखवायची, कुणी टमरेल भरून हातात द्यायचं. ते टमरेल तसंच खाली ठेवून हे गृहस्थ संडासाच्या खड्ड्यापासून घरच्या आडापर्यंत पावलं मोजत निघायचे. मोजून झालं की मान हलवून म्हणायचे, "फार जवळ."

साताऱ्याला पाणी तपासायची आमची सरकारी प्रयोगशाळा होती. ते घरोघरच्या आडांचं पाणी आणून तपासायचे आणि मी त्यांचे अहवाल टाइप करायचे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी आड खोल नेले होते, आणि पाठोपाठ शोषखड्ड्याचे संडास आले होते. दोन्ही एकाच परसात. ऑफिसात सगळे त्यांना 'आडवाले' म्हणत.

एका जागी बसणं त्यांना जमत नसे. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या शेजारी बसलं की आपलेच पाय हलायला लागतात. माझ्या बहिणीच्या लग्नात ते अर्धी जिलबी पानात टाकून उठले. वडील घाबरले, काय चुकलं म्हणून. शोधलं तर हे कार्यालयामागच्या आडात वाकून बघत होते.

पाण्याचा नमुना काचेच्या नळ्यांत घालून दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवत. पाण्यात घाण असेल तर नळीत बुडबुडा धरायचा. पहिल्या दिवशी दिसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, मग पक्की खात्री, मग साहेबांची सही, मग टपाल. ते सगळे दिवस हे त्या कपाटाभोवती घिरट्या घालत.

"बाई, एकदा उघडून बघू का?"

"आत्ताच बघितलंत."

"हो. बघितलं खरं."

एकदा रहिमतपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. एका गल्लीत दोघांना कावीळ झाली होती, आणि अख्खी गल्ली एका निवृत्त सुभेदारांच्या आडाचं पाणी पीत होती. हे जाऊन नमुना घेऊन आले. सुभेदारांना सांगून आले की अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर प्रत्येक नळीत बुडबुडा.

ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, माझ्याबरोबर चला. त्या घरात सून आठव्या महिन्यात आहे. घरातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत."

"पण सही?"

"सही राहू द्या."

एसटीत ते उभेच होते, जागा असूनही. कोरेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "मागं एका गावचा नमुना असाच होता. साहेब रजेवर होते, मी सहीसाठी थांबलो. चार दिवस. पोटुशीला कावीळ झाली तर वाचणं अवघड असतं, हे मला ठाऊक होतं. कागद पोचला तेव्हा त्या घरात सुतक होतं."

सुभेदार अंगणातच भेटले. "आमच्या बापानं खणलेला आड हाय, सायेब. पन्नास वर्सं पितोय. ऑर्डर हाय का तुमच्याकडं?"

"नाही."

"मग कुणाच्या हुकमानं आलायसा?"

"कुणाच्याच नाही," असं म्हणून ते आडाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. ज्या माणसाला मी कधी खुर्चीत टेकलेलं पाहिलं नव्हतं, तो त्या उन्हात ढिम्म बसून राहिला. बायका कळशी घेऊन येत. "ताई, आज नको," ते हात जोडून सांगत. बायका सुभेदारांकडं बघत आणि परत जात.

मी स्वयंपाकघरात गेले. सून चुलीपुढं भाकरी थापत होती.

"पाणी उकळता का?"

"मामंजी नगं म्हंत्यात. आडाचं नाव खराब व्हईल म्हंत्यात."

मी तिला त्या दुसऱ्या गावच्या पोटुशीचं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवून ठेवली. हात धुतले. पदर सारखा करून ती अंगणात गेली.

"मामंजी, मला आष्ट्याला आईकडं पोचवा. बाळतपनाला जायचंच हाय, आजच जाते."

"आज? आगं पर..."

"चारच्या येष्टीनं."

सुभेदार तिच्याकडं बघत राहिले, मग कट्ट्यावर बसलेल्या माणसाकडं. शेवटी ते आडापाशी गेले आणि रहाटाचा दोर सोडून त्यांनी खांद्यावर टाकला.

पुढं त्या गल्लीत आधीच ते पाणी प्यालेल्या आणखी चौघा-पाचांना कावीळ झाली. खुद्द सुभेदार महिनाभर अंथरुणाला खिळले. आष्ट्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

सहीआधी निकाल फोडला आणि गावात घबराट पसरवली, म्हणून आडवाल्यांना मेमो मिळाला. तो मलाच टाइप करावा लागला. माझ्या मागं उभं राहून त्यांनी वाचला आणि म्हणाले, "'नियमबाह्य' नीट उमटलं नाही, बाई. पुन्हा मारा." आठवड्यानं त्यांची कोयनानगरला बदली झाली.

बऱ्याच महिन्यांनी सुभेदार ऑफिसात आले. हडकले होते. काखेत मिलिटरी कॅन्टीनची रिकामी झालेली रमची बाटली, घासून पाण्यानं भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं.

"संडास पार रानाकडंला नेला. आड उपसला, औषध टाकलं. सायबास्नी दावायचं हाय."

मी बदलीचं सांगितलं. त्यांनी बाटलीच्या तोंडाचं फडकं आणखी घट्ट आवळलं.

"कोयनेची येष्टी कवा हाय?"

तपासायचं पाणी निर्जंतुक बाटलीत घ्यावं लागतं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणावं लागतं. एवढ्या लांब कोयनेला पोचेपर्यंत त्या बाटलीतल्या पाण्याचा तपासणीला काही उपयोग उरणार नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही. गाडीची वेळ सांगितली, आणि ती बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून सुभेदार स्टँडच्या दिशेनं चालू लागले.