आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती

पूर आला की कुणी कुणाला उचलायचं, हे ठरवायला गाव ग्रामपंचायतीपुढं बसलं होतं, आणि तो नियम मीच मांडला. माझं तोंड मुळातच फटकळ. म्हटलं, आपल्या घरच्या म्हाताऱ्याला आपण न्यायचंच न्हाय. घरात हुज्जत होते. म्हातारा म्हणतो आधी म्हैस सोड, सून म्हणते आधी तुम्ही उठा, तोवर पाणी उंबऱ्याला. परक्यापुढं माणूस हट्ट धरत न्हाय. सगळ्यांना पटलं. मी लई खूश झाले, खोटं कशाला बोलू.

माझ्या वाट्याला नदीकाठची आंधळी आजी आली. माझे सासरे, आबा, शेजारच्या पैलवान गड्याकडं. आबांचे गुडघे पार गेलेले. सासूबाई गेल्यापासून त्यांना उठवणं-बसवणं माझ्याचकडं. कुठं धरलं की कळ येत न्हाय, ते मलाच ठाऊक.

रंगीत तालमीला आबा त्या गड्याच्या पाठीवर बसायला तयार होईनात. मी पुढं उभी राहून लेकराला चुचकारावं तसं चुचकारलं, तेव्हा कुठं बसले. लोक हसले, मीही हसले. खऱ्या वेळेला गुमान येतील, म्हटलं.

मग एका सकाळी खरंच नदी गावात शिरली. मालक परंड्याच्या बाजाराला गेलेले. देवळावरचा भोंगा ओरडला तशी मी आबांना म्हटलं, "पैलवान येतोय, त्याच्यासंगं निघा," आणि पळाले. आजी बिचारी एका शब्दानं अडली न्हाय. तिला हाताला धरून ओढ्यापलीकडं माळावरच्या शाळेत आणलं, तर थोड्या वेळानं पैलवान आला तो एकटाच, मान खाली घालून. आबा खाटेची दांडी सोडत न्हाईत, म्हणाला. सून येईल, तिच्यासंगं येतो, एवढंच म्हणतात.

मी मागं धावले. ओढा रस्त्यावरनं वाहत होता. बायकांनी मला कंबरेला धरून ठेवलं. ट्रॅक्टर मिळवून पैलवान आबांना घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. खाटेवर बसल्या बसल्या कंबरेपर्यंत पाणी आलं होतं म्हणे. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. निघायची तयारी करून बसले होते.

मला रागावले न्हाईत. उलट येईल त्याला सांगतात, आमच्या सुनंनं आंधळ्या म्हातारीला वाचवलं. ते ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. लोक म्हणतात, चूक म्हाताऱ्याचीच. पण ते माझ्याबिगर हलायचे न्हाईत हे मला दारातनं निघतानाच कळलं होतं. माझाच नियम मी सगळ्यांदेखत कशी मोडू, म्हणून मागं वळले न्हाय.

यंदा पावसाच्या आधी परत बैठक भरली. आबांना खुर्चीवर बसवून नेलं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं चुकलं, आबांना मीच नेणार.

"नगं," आबा म्हणाले. आवाज अगदी शांत. "ज्याला द्यायचं त्याला द्या मला. आता म्या कुणाची वाट बघत न्हाय बसायचा."

सरपंच खूश झाले. म्हणाले, बघा, आबांना बी पटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मी तोंडाला पदर लावून खाली बसले.